आवाज बसवायचा आहे

आम्हा दोघांचे हात एकाच कॉम्प्युटरवर पडले.

जुन्या सामानाचं दुकान होतं ते. पुढे पंखे, मिक्सर, शिलाई मशिनं. आणि मागच्या अरुंद बोळकांडीत लोखंडी मांडणीवर कॉम्प्युटरचे करडे डबे ओळीने ठेवलेले. मी एकेकाच्या अंगावरची धूळ रुमालाने पुसून मागची अक्षरं वाचत होते. मला हवा तो सापडला, मी त्यावर हात ठेवला... आणि मांडणीच्या पलीकडून आणखी एक हात आला.

"हा मी घेतलाय," पलीकडून आवाज आला.

"घेतलाय, की घेणार आहात?"

"म्हणजे... घेतच होतो."

"मग मीही घेतच होते."

दोन डब्यांच्या फटीतून मला एक वाकडा चष्मा दिसला, आणि त्याच्या आत थोडे गोंधळलेले डोळे. त्याने हात काढला नाही. मीही नाही.

"तुम्हाला कशाला हवाय हा?" तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "फार म्हातारा आहे. यावर साधा सिनेमासुद्धा धड चालायचा नाही."

"मला म्हाताराच हवाय."

"हे वाक्य मी अजून कुठल्या मुलीच्या तोंडून ऐकलं नव्हतं."

रागवायला हवं होतं. पण हसू आलं. "माझ्या बाबांसाठी हवाय," मी म्हटलं. "त्यांचा आवाज बसवायचाय."

"आवाज बसलाय? मग कॉम्प्युटर काय करणार, गरम पाण्याच्या गुळण्या—"

"बसलाय नाही. बसवायचाय."

मग मी सांगितलं. बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं, त्यात त्यांचा आवाज गेला. आता ते कीबोर्डवर टाइप करतात आणि कॉम्प्युटरमधला एक जुना प्रोग्राम ते मोठ्याने बोलून दाखवतो. ज्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम आहे, तो हल्ली आतून टक टक करतो आणि मध्येच डोळे मिटतो. तो पुरता जायच्या आत दुसऱ्यावर आवाज बसवायला हवा. नवीन कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम उघडतच नाही. म्हणून त्याच्याच वयाचा एखादा.

पलीकडचा हात हळूच उचलला गेला.

मांडणीला वळसा घालून तो समोर आला. उंच, किंचित पोक काढून चालणारा, शर्टाच्या खिशाला तीन स्क्रूड्रायव्हर. "प्रोग्रामची सीडी आहे तुमच्याकडे?"

"आहे."

"मग एक सांगू? पहिल्या फटक्यात बसणार नाही."

"तुमच्या तोंडून काही चांगलं निघत नाही का?"

तेवढ्यात दुकानदार मागे डोकावले. "अहो, ऐका त्यांचं. हे आमचे वैद्य. मेलेले कॉम्प्युटर उठवून चालवतात."

त्याने मान खाली घातली. त्याचं काम तेच होतं. दवाखान्यांतली, प्रयोगशाळांतली यंत्रं चांगली असतात, पण ती चालवणारे प्रोग्राम जुने. नवे कॉम्प्युटर त्यांना ओळखही देत नाहीत. हा दोघांच्या मध्ये पडून समेट घडवून आणायचा. सगळे त्याला वैद्य म्हणत, आणि मीही पुढे तेच म्हणू लागले.

जाताना त्याने नंबर दिला. "नाही बसला तर फोन करा."

"आणि बसला तर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तर... तर गरजच नाही." दोन पावलं जाऊन तो वळला. "पण कळवलंत तर बरं वाटेल."

*

नाहीच बसला.

मी सीडी घातली, ती घरघरली, आणि पडद्यावर पाटी आली— हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. मी फोन केला. शनिवारी दुपारी वैद्य घरी आला.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि दोन माणसं. आई मी शाळेत असतानाच गेली. बाबा आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवत होते. शेजारच्या सीटवर बसून बोलणं हेच त्यांचं काम, त्यामुळे गप्प बसायची सवय त्यांना कधी लागलीच नव्हती. ऑपरेशननंतरचे पहिले महिने ते कागदावर लिहायचे. पण लिहून दाखवायचं तर समोरच्याला थांबवावं लागतं, बोलावून घ्यावं लागतं. स्वयंपाकघरातल्या माणसाला पाठमोरं असताना चिडवता येत नाही. मग कोणीतरी तो प्रोग्राम दिला.

सपाट आवाज होता तो. किंचित नाकातला. नको तिथे श्वास घेणारा. "उद्या" म्हणायच्या ऐवजी "उद-या" म्हणणारा. पहिल्या आठवड्यात मला तो घरात शिरलेला परका माणूस वाटला होता, आणि मग कधीतरी, कळलंही नाही, तो बाबांचा झाला. फोनवरचा नवा, गुळगुळीत आवाज मी त्यांना ऐकवून पाहिला होता. त्यांनी शांतपणे टाइप केलं, "हा विमानात पट्टा बांधायला सांगणारा माणूस आहे. मी नाही."

शिवाय आत्या होती. बाबांची धाकटी बहीण, दुसऱ्या गावी राहणारी, नजर जवळजवळ गेलेली. तिला लिहिलेलं दाखवून उपयोग नव्हता. दर रविवारी दुपारी बाबा स्पीकरजवळ फोन धरायचे आणि तो नाकातला आवाज आत्याशी भांडायचा. तिला आता तोच तिचा दादा.

वैद्य आत आला तेव्हा बाबा जुन्या कॉम्प्युटरसमोरच बसले होते. त्यांनी टाइप करायला सुरुवात केली.

हे मी नेहमी बघायचे— टाइप होईपर्यंत लोक काय करतात. कोणी घड्याळ बघतं, कोणी पडद्यावर डोकावून वाक्य अर्धवटच वाचून टाकतं. मागे एकाशी माझं जवळपास जुळत आलं होतं. तो घरी आला, बाबा बोलले, आणि तो उत्तर माझ्याकडे बघून देत राहिला. जिना उतरताना म्हणाला, "ते लिहूनच दाखवत जातील ना, नंतर? तो आवाज जरा... अंगावर येतो." त्या जिन्यावरच ते प्रकरण संपलं. त्यानंतर मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, की आपलं आहे हे बरं आहे.

वैद्य थांबला. हात मागे बांधून, पडद्याकडे अजिबात न बघता, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत थांबला. जणू बाबा बोलता बोलता शब्द आठवतायत.

"गाडी चालवता येते का," आवाज म्हणाला.

"येते," वैद्य बाबांना म्हणाला.

पुन्हा बोटं. पुन्हा तो थांबला.

"कोणी शिकवली."

"मामाने."

"मग येत नसणार."

वैद्य हसला, तोही बाबांकडे बघून. मी आत गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले. पाण्याखाली हात धरला तरी गालांवरची ऊब काही जाईना.

*

कामाला सगळी दुपार गेली.

आधी त्याने सीडी उजेडात धरून फिरवून पाहिली. "ओरखडे आहेत. आधी एक प्रत काढून ठेवू, मूळ सीडीला पुन्हा हात लावायला नको." मग नव्याने आणलेल्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरची सिस्टीम पुसून तिच्याहून जुनी टाकायला घेतली.

जुन्या कॉम्प्युटरचं एक बरं असतं. पडद्यावरची निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकत असते, आणि तोवर माणसांना बसून राहण्यावाचून इलाज नसतो. बाबा आतल्या खोलीत आडवे झाले होते. खिडकीबाहेर बारीक पाऊस लागला होता, आवाज न करणारा. फक्त समोरच्या भिंतीचा रंग हळूहळू गडद होत होता.

"तुम्ही काय करता?" त्याने विचारलं.

"चष्म्याच्या काचा घासते. म्हणजे, मशीनवर. नंबराप्रमाणे."

"मग माझ्या चष्म्याबद्दल काय मत आहे?"

"वाकडा आहे. दुकानात फटीतून पाहिला तेव्हापासून सांगायचं मनात होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमच्याशी भांडण चालू होतं ना."

त्याने चष्मा काढून माझ्या हातात ठेवला. दांडी अजून कोमट होती. मी ती अंगठ्याने जराशी दाबली, टेबलावर ठेवून पाहिली, पुन्हा दाबली. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा उघडा पडल्यासारखा दिसत होता... झोपेतून उठलेल्या माणसासारखा. गिऱ्हाइकांना मी रोज चष्मे घालून बघते. कानामागून बोट फिरवते, नाकावर नीट बसवते. हात सवयीनेच पुढे झाले. अर्ध्यात मला कळलं की हे दुकान नाही. पण मग मागे घेणं जास्तच अवघड झालं असतं.

"आता?" मी विचारलं.

"आता..." तो म्हणाला, "आता तुम्ही जवळ आलात."

"चष्मा सरळ झाला की होतं असं."

"हो?"

"पट्टी बघा तुमची. पुढे सरकली."

सिस्टीम बसली. मग प्रोग्रामची पाळी. पट्टी सरकत सरकत अगदी टोकापर्यंत गेली, आम्ही दोघं पुढे वाकलो, आणि खिडकी गपकन मिटली. ना चूक, ना पाटी, ना काही. त्याने पुन्हा केलं. पुन्हा तेच. स्क्रीनची सेटिंग बदलली, व्हायरसचा पहारेकरी बंद केला, तारीख मागे नेली. प्रत्येक वेळी पट्टी टोकाला जायची आणि न सांगता निघून जायची.

"ओरडणारी चूक परवडते," वैद्य म्हणाला. "गप्प बसणारी अवघड."

अंधारायच्या आत तो निघाला. पुढच्या शनिवारी येतो म्हणाला. तो शनिवार फार लांब आहे असं मला वाटलं, आणि कशासाठी वाटलं हे मी स्वतःला विचारलं नाही.

*

दुसऱ्याच दिवशी सकाळी जुना कॉम्प्युटर गेला. टक टक केलं, थांबला, आणि पुन्हा काही उठला नाही.

घर गप्प झालं. बाबांनी दोन-तीनदा बटण दाबून पाहिलं आणि मग कीबोर्डवर फडकं टाकलं. दुपारी ठरल्यावेळी आत्याचा फोन आला. मी घ्यायला गेले, पण बाबांनी आधी उचलला. कानाला लावून बसले.

"दादा," आत्या म्हणत होती. मला बाहेर ऐकू येत होतं. "दादा, अरे बोल ना. ऐकू येत नाहीये मला."

बाबांनी फोनवर नखाने टकटक केलं.

"रागावलास का? मागच्या वेळी मी जास्त बोलले का रे?"

मी फोन घेतला. मशीन बिघडलंय, बाबा इथेच बसलेत, सगळं ऐकतायत, असं सांगितलं.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हसतोय का तो?"

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"हो," मी म्हटलं. "हसतायत."

फोन ठेवल्यावर बाबा आत जाऊन भिंतीकडे वळून झोपले. मी गॅलरीत जाऊन वैद्यला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण त्याचा आवाज ऐकल्यावर सगळं विसरले. "बाबा गप्प झालेत," एवढंच म्हणाले.

"आलोच," तो म्हणाला.

आला तेव्हा केस ओले होते, छत्री आणायला विसरला होता. टॉवेल घ्यायलाही थांबला नाही. सरळ खुर्ची ओढली. "नेहमीच्या रस्त्याने गेलं की हा काही बोलतच नाही. आज त्याला काळ्या खिडकीतून चालवू. काय काय करतो ते एकेक ओळ लिहून दाखवत जाईल."

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. मी त्याच्या खांद्यामागे उभी होते. ओल्या शर्टाचा आणि पावसाचा वास येत होता. ओळी थांबल्या, खिडकी मिटायच्या आत त्याने बटण दाबून ती गोठवली.

"फाइल सापडली नाही म्हणतोय," तो पुटपुटला. "पण फाइल तर आहे... आत्ताच तर याने स्वतः ठेवली."

रोज मी हातभर अंतरावरून काचेवरच्या बारीक खुणा शोधते. मला शेवटच्या ओळीच्या मधोमध काहीतरी खुपलं.

"ही प्रश्नचिन्हं कसली?"

"कुठली?"

"ही. चार. इथे कुणाचं तरी नाव असावं, तसं दिसतंय."

तो वाकला. नाक पडद्याला लागेल इतका. मग सावकाश वळून माझ्याकडे बघितलं. "काल सिस्टीम टाकताना मी उठलो होतो, सीडी पुसायला. तेव्हा त्याने नाव विचारलं होतं. वापरणाऱ्याचं. ते तुम्ही घातलंत?"

"हो."

"काय घातलंत?"

"बाबा."

"मराठीत?"

"मग काय, बाबांना इंग्रजीत बाबा म्हणू?"

तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत, दोन्ही हातांनी डोकं धरून. "अहो... हा प्रोग्राम मराठी बोलतो, पण बसवणारा भाग जुना आहे. त्याला इंग्रजी अक्षरांपलीकडे काही वाचताच येत नाही. सगळं सामान 'बाबा' नावाच्या खोलीत ठेवतो, आणि मग स्वतःच विचारतो, खोली कुठे गेली."

"म्हणजे माझ्यामुळेच—"

"तुम्ही बरोबरच घातलंत. मी विचारायला हवं होतं." मग हलकेच, "आणि चार प्रश्नचिन्हं मला दिसली नसती. कालपासून मी भलतीकडेच बघत होतो."

भलतीकडे म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही.

त्याने साध्या इंग्रजी अक्षरांत नवं नाव केलं. पट्टी सरकली... टोकाला गेली... आणि या वेळी टिकली. छोटी खिडकी उघडली, ओळखीचं हिरवट चित्र आलं.

बाबांना मी उठवून आणलं. ते खुर्चीत बसले. बराच वेळ बोटं कीबोर्डवर नुसतीच ठेवून होते. वैद्य हात मागे बांधून थांबला.

"फोन लाव," आवाज म्हणाला. नाकातला, सपाट, नको तिथे थांबणारा. "तिला वाटेल मी. रागावलोय."

मी आत्याचा नंबर फिरवला आणि फोन स्पीकरजवळ ठेवून गॅलरीत निघून आले. डोळे पुसायचे होते. वैद्यही मागून आला आणि माझ्याकडे न बघता कठड्याशी उभा राहून रस्ता बघत राहिला. आत दोन भावंडं भांडायला लागली होती.

*

काम झालं. मग यायचं कारणच उरलं नाही.

पहिल्या आठवड्यात त्याने फोन केला. "आवाज कसा आहे?"

"छान आहे," मी म्हटलं.

"काही अडचण?"

"काहीच नाही."

"बरं... बरं झालं मग." आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मी स्वतःला इतकी नावं ठेवली की बाबांनी आतून विचारलं, कोणाशी बोलतेयस. पुढे त्याचा फोन आला नाही. मी करायचं ठरवायचे, पण काय सांगणार? सगळं व्यवस्थित चाललंय, हे सांगायला कोणी वैद्याला बोलावत नाही. दुकानात काचा घासताना माझं लक्ष दाराकडे जायला लागलं. वाकडा चष्मा घातलेलं कुणी आत आलं की हातातलं काम चुकायचं... आणि दुसराच कोणीतरी असायचा.

अशाच एका सुट्टीच्या दुपारी बेल वाजली. मी भाजी घेऊन परतले, तोच बाबा फिरायला म्हणून बाहेर पडले होते. भर दुपारी कुठे निघालात विचारलं तर हाताने "येतो" म्हणाले होते. मी दार उघडलं.

वैद्य. खांद्याला हत्यारांची पिशवी. चष्मा सरळ.

"बाबांचा फोन होता," तो म्हणाला. "आवाज बंद पडलाय म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"बाबा."

"फोनवर?"

"हो."

"कुठल्या आवाजात?"

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "त्याच," तो म्हणाला. "'आवाज बंद पडला आहे, लगेच या.' अगदी स्पष्ट."

"आणि तुम्हाला काही खटकलं नाही?"

"खटकलं ना. बसमध्ये एवढा हसत होतो की शेजारचा माणूस उठून पुढे जाऊन बसला."

"तरी आलात."

"तरी आलो." त्याने पिशवी खाली ठेवली. "कारण हवं होतं मला. किती दिवस शोधतोय. फोन हातात घ्यायचो, आणि कॉम्प्युटर बरा असेल या भीतीने ठेवून द्यायचो."

"हे पाठ करून आलात?"

"बसमध्ये. हसून झाल्यावर." मग त्याने मान वर केली, आणि आता तो हसत नव्हता. "एवढंच पाठ केलं होतं. पुढचं नाही. मला तुम्ही आवडता. काही बिघडलेलं नसतानाही यावंसं वाटतं मला इथे."

मी दाराची कडी धरून उभी होते. "मी बाबांना सोडून कुठे जाणार नाही," मी म्हटलं. "हे आधीच सांगते."

"मी तसं कधी विचारणारही नाही."

"लोक विचारतात."

"विचारत असतील." त्याने नाकावरचा चष्मा उगाचच पुन्हा सरळ केला. "मी त्यांच्याशी बोलायला येतो की तुमच्याशी, हे मलाच कधी कधी कळत नाही. दोघांशी, बहुतेक. त्यातलं एक काढून घेतलं तर मला दुसरंही नीट जमणार नाही."

बाहेर रस्त्यावर एक सायकल गेली. मी दारातून बाजूला झाले. तो आत आला, आणि कुठे बसावं हे कळत नसल्यासारखा मधोमध उभा राहिला.

"चहा घेतोस?" मी विचारलं.

तो मान हलवायला लागला आणि मधेच थांबला. "काय म्हणालात?"

"चहा घेतोस का, म्हणाले."

सरळ चष्म्याआडून तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर ते सावकाश पसरलं.

"घेतो," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, शब्द जपून उचलत, "तू... तूही घे."

मी तीन कप काढले. जिन्यावर बाबांच्या चपला वाजत होत्या. नेहमीपेक्षा बऱ्याच जोरात, आणि एकेका पायरीवर भरपूर वेळ घेत.